लोकमत आणि मतदानाचा इरादा: सार्वमतापूर्वीच्या चाचण्या नेमके काय मोजतात?

सार्वमताची तारीख जाहीर झाली की जनमत चाचण्यांच्या बातम्यांना सुरुवात होते, आणि त्यांत 'जनतेचा कल' हे शब्द हमखास येतात. हा 'कल' आपण दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. एखाद्या विषयाबद्दल लोकांना काय वाटते ते झाले लोकमत. ठरलेल्या दिवशी, मतपत्रिकेवर छापलेल्या ठरावीक प्रश्नापुढे आपण कोणती खूण करणार, किंवा मतदानाला जाणारच नाही, याबद्दल माणूस आज जे सांगतो तो त्याचा मतदानाचा इरादा. पहिल्या गोष्टीचे आकडे दुसऱ्या गोष्टीच्या नावाखाली छापले गेले की वाचकाची दिशाभूल होते, आणि ज्या देशात एका मतदानाने राज्यघटना बदलणार असते तिथे ही चूक किरकोळ मानता येत नाही.

सार्वत्रिक निवडणुकीत हे अंतर सहसा कमी असते. मतदाराची एखाद्या पक्षाशी वर्षानुवर्षांची बांधिलकी असते, आणि 'तुम्हाला कोणता पक्ष आवडतो' व 'मत कोणाला देणार' या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा एकच निघतात. सार्वमतात असा जुना आधार नसतो. प्रश्न नवा असतो, त्याची भाषा कायद्याची असते, एकाच पक्षाचे समर्थक दोन्ही बाजूंना विखुरलेले असतात, आणि बऱ्याच मतदारांनी त्या प्रश्नाचा गांभीर्याने विचार प्रचार सुरू झाल्यावरच केलेला असतो. म्हणून सार्वमताच्या वेळी हे दोन आकडे वेगवेगळे वाचावे लागतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला ऑस्ट्रेलियाचे वाटते. १९९०च्या दशकात तिथल्या चाचण्यांमध्ये ब्रिटिश राजमुकुटाऐवजी प्रजासत्ताक हवे असे म्हणणारे लोक राजेशाही टिकावी असे म्हणणाऱ्यांपेक्षा सातत्याने जास्त दिसत होते. हे लोकमत खरे होते. पण ६ नोव्हेंबर १९९९ रोजी मतदारांपुढे जो प्रस्ताव आला तो केवळ 'प्रजासत्ताक हवे का' असे विचारणारा नव्हता. राणी आणि गव्हर्नर जनरल यांच्या जागी संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताने नेमलेला राष्ट्राध्यक्ष आणावा का, असा तो प्रस्ताव होता. ज्यांना प्रजासत्ताक हवे होते, पण राष्ट्राध्यक्ष जनतेने थेट निवडावा असे वाटत होते, त्यांच्यातील अनेकांनी विरोधात मत दिले, आणि राजेशाहीच्या समर्थकांची मते त्यांना येऊन मिळाली. सुमारे ५५ टक्के मते विरोधात पडली, आणि सहापैकी एकाही राज्यात प्रस्तावाला बहुमत मिळाले नाही. इथे मतदान सक्तीचे असल्याने लोक घरी बसले म्हणून निकाल फिरला, असेही म्हणता येत नाही. लोकांचे मत पालटले होते असे मानण्याचीही फारशी गरज नाही. त्यांना जे हवे होते आणि मतपत्रिकेवर जे छापले होते, त्यांत फरक होता, इतकेच.

चिलीमध्ये हाच फरक दोन वर्षांच्या अंतराने दोन मतदानांत उमटला. ऑक्टोबर २०२० मध्ये नवी राज्यघटना लिहावी का, असे विचारले तेव्हा सुमारे ७८ टक्के मतदारांनी होकार दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये निवडून आलेल्या संविधान सभेने लिहिलेला ३८८ कलमांचा मसुदा पुढे आला, तेव्हा जवळपास ६२ टक्क्यांनी तो फेटाळला. 'नवी घटना हवी' हा एक व्यापक विचार होता आणि त्यात प्रत्येकाने आपल्या मनातली घटना पाहिली होती. मसुदा हाती आल्यावर मात्र प्रत्येकाला त्यात न पटणारे एखादे कलम सापडू शकत होते. आणखी एक बाब या तुलनेत विसरता कामा नये. २०२० मधले मतदान ऐच्छिक होते आणि जेमतेम निम्मे मतदार आले होते, तर २०२२ मध्ये मतदान सक्तीचे केले गेले आणि सुमारे ८६ टक्के मतदार आले. म्हणजे प्रश्न बदलला होता, आणि उत्तर देणारा समूहही बदलला होता.

इथेच मतदानाच्या इराद्याचा दुसरा घटक येतो: येणार कोण? लोकमत मोजताना प्रत्येक प्रौढ नागरिकाचे उत्तर सारख्याच वजनाचे असते, पण मतपेटीत घरी बसलेल्याचे मत नसते. २ ऑक्टोबर २०१६ या एकाच रविवारी दोन देशांत याचा प्रत्यय आला. कोलंबियात फार्क या बंडखोर संघटनेशी झालेल्या शांतता कराराला चाचण्या भरघोस पाठिंबा दाखवत होत्या. प्रत्यक्षात सुमारे ३७ टक्केच मतदार आले आणि एक कोटी तीस लाखांच्या आसपास मतांमध्ये ५४ हजारांहून कमी मतांच्या फरकाने करार नाकारला गेला. ज्यांना शांतता हवी होती पण निकाल ठरलेलाच आहे असे वाटत होते, त्यांचा पाठिंबा चाचणीत मोजला गेला आणि मतपेटीत मात्र उतरला नाही, अशी शक्यता आहे. त्याच दिवशी हंगेरीत, युरोपीय संघाला संसदेच्या संमतीविना देशात परदेशी नागरिक सक्तीने वसवता यावेत का, या प्रश्नावर वैध मतांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक मते 'नाही' अशी पडली. तरीही निम्म्या मतदारांनी वैध मत देण्याची अट पूर्ण न झाल्याने ते सार्वमत कायद्याने निष्फळ ठरले. अशी अट असते तिथे विरोधकांपुढे न येण्याचा किंवा मत बाद करण्याचाही मार्ग खुला असतो, आणि 'बाजूने की विरोधात' एवढेच विचारणाऱ्या चाचणीत हा इरादा दिसतच नाही.

आता काठावरच्या मतदारांचा हिशेब पाहू, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच होतात. समजा, एका चाचणीत ४० टक्के 'होय', ३५ टक्के 'नाही' आणि २५ टक्के 'अजून ठरवलेले नाही' अशी उत्तरे आली. न ठरवलेल्यांना वगळून आकडे पुन्हा मांडले की हीच चाचणी ५३ विरुद्ध ४७ अशी दिसते. बेरीज बरोबर आहे, पण तिच्यामागे एक गृहीतक दडले आहे: न ठरवलेले लोक ठरवलेल्यांच्याच प्रमाणात विभागले जातील. सार्वमतात तसे होईलच असे नाही. ज्याला प्रस्ताव नीट समजलेला नाही तो अखेरीस आहे ते राहू द्यावे या बाजूला वळण्याची शक्यता बरीच असते. आयर्लंडमध्ये मार्च २०२४ मध्ये घटनेतील कुटुंब आणि घरातील देखभाल यांविषयीच्या दोन दुरुस्त्या मतदानाला आल्या, तेव्हा आधीच्या चाचण्यांत 'होय' बाजू पुढे होती आणि न ठरवलेल्यांची संख्याही मोठी होती. पहिली दुरुस्ती सुमारे ६८ टक्क्यांनी, तर दुसरी सुमारे ७४ टक्क्यांनी फेटाळली गेली.

एक हजार जणांच्या नमुन्यात साधारण तीन टक्क्यांची चूक धरावी, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असते. मात्र ती चूक केवळ नमुना निवडण्यातून येणारी असते. प्रश्न वेगळा विचारला असेल, किंवा न येणारे लोकही मोजले असतील, तर दहा हजार जणांना विचारूनही तो दोष जात नाही.

म्हणून चाचणीची बातमी वाचताना टक्केवारीकडे वळण्याआधी प्रश्नाचे शब्द पाहावेत. ते मतपत्रिकेवरचेच शब्द आहेत का? 'आज मतदान झाले तर' असे विचारले आहे, की नुसते 'तुम्हाला हे पटते का' असे? येण्याची खात्री किती, हे विचारून उत्तरांना त्यानुसार वजन दिले आहे का? न ठरवलेले वगळले असतील, तर मूळ आकडा कुठे दिला आहे? प्रत्यक्ष चाचणी किती तारखेला झाली, हेही तितकेच महत्त्वाचे, कारण इटलीसारख्या देशात मतदानापूर्वीचे पंधरा दिवस चाचण्या प्रसिद्ध करायला बंदी असते. डिसेंबर २०१६ च्या घटनादुरुस्तीच्या वेळी तिथे बंदीपूर्वीच्या चाचण्यांत 'नाही' बाजू पुढे होती खरी, पण मतपेटीतून 'नाही'ची ५९ टक्के मते निघाली आणि प्रत्यक्षातली आघाडी चाचण्यांतल्या आघाडीपेक्षा बरीच मोठी ठरली, आणि त्या दोन आठवड्यांत मतदारांचा इरादा कुठवर सरकला हे दाखवणारा एकही ताजा प्रसिद्ध आकडा सामान्य वाचकाच्या हाती नव्हता.