कॉर्नवॉलच्या वाळूत अनवाणी उतरू नका
(उन्हाळी इंग्लंड सहलीच्या प्रवाशांसाठी)

आपण नागपूरकर. समुद्र दिसला की चपला हातात घेऊन पाण्यात शिरायची घाई असतेच. पण कॉर्नवॉल, डेव्हन आणि दक्षिण वेल्सच्या किनाऱ्यांवर जरा थांबा. तिथल्या वाळूत वीव्हर नावाचा विषारी मासा असतो.

दिसायला किरकोळ, फार तर 15 सेंटिमीटर, रंग वाळूचाच. पोटात हवेची पिशवी नसल्यामुळे पोहणं थांबलं की तो तळाला बसतो आणि अंग वाळूत पुरून भक्ष्याची वाट पाहतो. वर राहतात डोळे आणि पाठीवरचा काळा पर. विषाचे काटे त्या परात आणि कल्ल्यांच्या झाकणांवर असतात. मासा आपणहून अंगावर येत नाही, आपलाच पाय त्याच्यावर पडतो. ओहोटीच्या उथळ पाण्यात हे जास्त घडतं. (याच्या मोठ्या भाऊबंदाला फ्रान्समध्ये रश्श्यात घालतात. सावजीवाल्यांनी नोंद घ्यावी!)

आधी शिंपला लागल्यासारखं वाटतं, मग ठणका चढतो. पहिले तास-दोन तास फार वाईट. अशा वेळी बर्फ, हळद, चुना काही नको. वर दोरी बांधणं तर मुळीच नको. हे विष प्रथिनांचं असल्याने उष्णतेनं निकामी होतं, म्हणून काटा चिमट्यानं काढून पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात किमान 30 मिनिटं बुडवून ठेवा. निवलं की पाणी बदला. पण 45 अंशांच्या वर नको, म्हणजे आपल्या मे महिन्यातला पारा.

मधुमेह असलेल्यांनी इथे विशेष जपावं. तळपायाला चटका कळेलच असं नाही, म्हणून पाणी दुसऱ्या कुणीतरी हात घालून पाहावं. माशाचा ठणका काही तासांत उतरतो, पण भाजलेला पाय कितीतरी दिवस चिघळतो.

लाल-पिवळ्या झेंड्यांपाशी लाइफगार्ड असतात. त्यांना हे नवीन नाही, नुसतं 'वीव्हर' म्हटलं तरी कळतं. धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर किंवा उलटी आली तर थेट 999 या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

जाड रबरी तळाचे पाण्यातले बूट इथूनच, बर्डीवरून घेऊन ठेवा. मोजे घालून काही उपयोग नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि विम्याचा कागद मोठ्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवा.