पाणी विकणे आणि पाण्याचा हक्क विकणे

भूजलाच्या बाजाराविषयी बोलताना दोन अगदी निराळे व्यवहार एकाच नावाने ओळखले जातात. उन्हाळ्यात बोअरवेलचा मालक शेजाऱ्याच्या फळबागेला तासाच्या दराने पाणी देतो किंवा टँकर भरून देतो, त्यालाही पाण्याचा बाजार म्हणतात; आणि अमेरिकेतील टेक्सास राज्यातला शेतकरी आपल्या परवान्यातील उपशाचा वाटा सॅन अँटोनियो शहराला भाड्याने देतो, त्यालाही. व्यवहार झाल्यानंतर विकणाऱ्याचा स्वतःचा उपसा घटतो की नाही, एवढे पाहिले तरी फरक लक्षात येतो.

पहिल्या व्यवहारात तो घटत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचे, निश्चित प्रवाहातून न वाहणारे पाणी गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. किती पाणी, याविषयी तेथे चकार शब्द नाही. त्यामुळे पाणी विकणारा स्वतःच्या उसाचे पाणी तोडत नाही, तर मोटार आणखी काही तास चालवतो. कृषिपंपाचे वीजबिल मीटरवर नव्हे तर अश्वशक्तीवर आकारले जात असेल, तर त्या वाढीव तासांचा खर्च त्याला जवळपास शून्य पडतो आणि विक्रीचा मोह वाढतो. या व्यवहाराला सरसकट दोष देणे मात्र अन्यायाचे होईल, कारण विहीर खोदण्याची ऐपत नसलेल्या अल्पभूधारकाचे पीक गुजरातपासून बंगालपर्यंत अनेक ठिकाणी अशाच विकतच्या पाण्यावर तगले आहे. पण भूजल व्यवस्थापनाचे साधन म्हणून त्याच्याकडे पाहता येत नाही, कारण प्रत्येक नव्या गिऱ्हाइकागणिक एकूण उपसा वाढतच जातो.

दुसऱ्या व्यवहाराचे चांगले उदाहरण म्हणजे टेक्सासमधील एडवर्ड्स जलधर (जलधर म्हणजे पाणी साठवणारा जमिनीखालचा खडकाचा थर). चुनखडीच्या या जलधरावर सॅन अँटोनियो शहर आणि पश्चिमेकडील शेती दोन्ही अवलंबून आहेत, आणि कोमाल व सॅन मार्कोस येथील मोठे झरेही त्यातूनच वाहतात. या झऱ्यांतील दुर्मिळ जीव धोक्यात आल्याने प्रकरण केंद्रीय न्यायालयात गेले आणि १९९३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाला एडवर्ड्स ॲक्विफर ऑथॉरिटी हे जलधराचे प्राधिकरण स्थापन करण्याचा कायदा करावा लागला. आपल्या जमिनीखालचे पाणी हवे तेवढे उपसावे, हाच नियम टेक्सासने १९०४ पासून मानला होता, हे ध्यानात घेतले तर हा बदल किती मोठा होता ते कळेल. या कायद्यान्वये जून १९७२ ते मे १९९३ या काळातील प्रत्यक्ष वापर तपासून परवाने देण्यात आले, आणि परवान्यांवरील वार्षिक उपशाची मर्यादा २००७ मध्ये ५,७२,००० एकर-फूट ठरली. एक एकर-फूट म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. घरगुती वापराच्या आणि जनावरांसाठीच्या लहान विहिरींना परवान्यातून सूट आहे.

प्रत्यक्ष व्यवहार कसा होतो ते पाहू. शंभर एकर बागायत सिद्ध केलेल्या शेतकऱ्याला एकरी किमान दोन, म्हणजे २०० एकर-फुटांचा परवाना मिळतो. त्यातील निम्मा हक्क सर्वसाधारणपणे जमिनीशीच बांधलेला असतो. उरलेला निम्मा तो विकू किंवा भाड्याने देऊ शकतो. त्याने १०० एकर-फूट शहराला दिले, तर प्राधिकरणाच्या दप्तरी ते शहराच्या नावावर चढतात आणि त्याच्या विहिरीच्या मीटरवर तेवढा उपसा कमी दिसावा लागतो. शहराने जितके जास्त उपसले तितके शेतकऱ्याने कमी उपसले, म्हणून मर्यादा जागची हलत नाही. शिवाय हा हक्कही ठाम लिटरांचा नाही: सॅन अँटोनियोतील जे-१७ या निरीक्षण विहिरीची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून ६६० फूट उंचीपेक्षा खाली गेली की त्या पट्ट्यातील परवानाधारकांच्या उपशात २० टक्के कपात सुरू होते, आणि पातळी आणखी उतरली की कपातही वाढते.

निम्मा हक्क जमिनीशी बांधण्याची तरतूद मला या साऱ्या रचनेतील सर्वांत शहाणपणाची वाटते. ती नसती, तर शहराच्या पैशापुढे गावेच्या गावे कोरडवाहू झाली असती आणि विकणाऱ्याच्या पुढच्या पिढीला त्यात बोलायला जागा राहिली नसती.

महाराष्ट्रात जलहक्काच्या व्यापाराची कल्पना अपरिचित नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात वार्षिक किंवा हंगामी हक्काच्या व्यापाराचे निकष ठरवण्याची तरतूद आहे; मात्र हक्क ठरवण्याचे प्रत्यक्ष काम झाले ते प्रामुख्याने धरण-कालव्यांच्या प्रकल्पांवर. विहिरींच्या बाबतीत आधी मीटरची अडचण आहे आणि त्याहून मोठी अडचण खडकाची. एडवर्ड्सच्या चुनखडीत पाणी दूरवर वाहते, म्हणून पश्चिमेकडचा उपसा थांबल्याचा उपयोग पूर्वेकडे होतो. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग मात्र बेसाल्टचा आहे आणि त्यातील पाणी तुटक भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. एका शिवारातील विहीर बंद ठेवून तिचा हक्क पाच-दहा किलोमीटरवरच्या गावाला विकला, तर कागदावर हिशेब जुळेल, पण घेणाऱ्याच्या विहिरीत त्याने थेंबही वाढेलच असे नाही. हक्काचा व्यापार येथे करायचाच असेल, तर तो एकाच लहान पाणलोटातल्या, एकमेकींशी जोडलेल्या विहिरींपुरता ठेवावा लागेल.