लशीनंतर की लशीमुळे?

नव्या लशीचे फायदे-तोटे तोलताना ताप, सुजलेला दंड, अंगदुखी यांवर फार बोलायची गरज नाही. ते घराघरांत माहीत आहे आणि दोन दिवसांत जातं. हिशेब चुकतो तो दुसरीकडे. लस घेतल्यानंतर जे काही घडलं ते सगळं लशीमुळेच घडलं, असं लोक धरून चालतात. "अमक्याने लस घेतली आणि आठव्या दिवशी गेला" एवढ्या एका वाक्यावर घरातल्या मुलीची लस रद्द होते, तेव्हा खरोखर जीव तुटतो.

अमेरिकेतली १९७६ सालची मोहीम बघा, कारण तिच्यात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी सापडतात. फेब्रुवारीत न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर स्वाइन फ्लूचा नवा विषाणू आढळला, एक तरुण सैनिक दगावला. १९१८ सारखी साथ येईल या धास्तीने सगळ्या देशाला लस द्यायचं ठरलं आणि १ ऑक्टोबरला सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत पिट्सबर्गमध्ये एकाच केंद्रावर लस घेतलेली तीन वयस्कर माणसं वारली. लगोलग अनेक राज्यांनी लसीकरण थांबवलं. तपासात लशीचा दोष निघाला नाही. त्या वयाची माणसं लाखोंनी रांगेत उभी राहिली, तर त्यांतली काही त्याच आठवड्यात जाणार होतीच, लस नसती तरीही. नेमकी किती गेली असती, हा आकडा हाताशी नसेल तर मृत्यूंच्या बातमीवरून काहीच ठरवता येत नाही. आपल्याकडच्या बातम्यांत हा आकडा जवळजवळ कधीच नसतो.

मग त्याच मोहिमेत जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) रुग्ण दिसू लागले. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात ज्याचा उद्रेक झाला, तोच हा आजार. तो लशीशिवायही होतो. पुण्यात दूषित पाण्यावर संशय होता. त्यामुळे १९७६ मध्येही "हा योगायोगच" म्हणून सोडून देणं सोपं होतं. पण मोजणी झाली. लस घेतलेल्यांत हे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं आणि ते रुग्ण टोचल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एकवटलेले होते. लाखामागे साधारण एक जादा रुग्ण. हा धोका लशीमुळेच होता. फरक ओळखायचा तो असा: न घेतलेल्यांशी तुलना करायची, आणि रुग्ण ठरावीक मुदतीत गोळा होतात की वर्षभर विखुरलेले आहेत ते पाहायचं.

लाखात एक हा धोका पत्करावा का? साथ पसरली असती, तर माझं उत्तर निःसंशय "हो" असतं. साथ आलीच नाही. समोरच्या पारड्यात काही नसताना लाखात एकही जास्तच, म्हणून डिसेंबरात मोहीम थांबवली ते योग्यच झालं. तोवर चार कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली होती.

आता कोव्हिशिल्ड, म्हणजे ॲस्ट्राझेनेकाचीच भारतात बनलेली कोविडची लस. २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात दिलेल्या कबुलीची बातमी आली आणि तीन वर्षांपूर्वी लस घेतलेली माणसं घाबरून गेली. रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घसरण्याचा तो दुर्मीळ विकार लशीमुळे होतो, यात वाद नाही. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्येच तो ओळखला गेला होता आणि म्हणूनच ब्रिटनने चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस देण्याचा सल्ला दिला. पण तो दिसतो तो डोसनंतर साधारण चार ते बेचाळीस दिवसांत. तीन वर्षांनी जिममध्ये आलेला हार्ट अटॅक त्या खात्यावर मांडता येत नाही. आयसीएमआरने ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. लशीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेलं असणं, घराण्यात असे मृत्यू असणं, आदल्या दोन दिवसांतलं अतिमद्यपान ही कारणं मात्र पुढे आली.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लशीचं नाव निघालं की खम्ममचा (आता तेलंगणात) मेसेज फिरतो. २००९ मध्ये खम्मम आणि बडोदा जिल्ह्यांत सुमारे २४ हजार मुलींना ती दिली गेली आणि पुढे त्यांतल्या सात जणी दगावल्या. एक खाणीत बुडाली, एक सर्पदंशाने गेली, दोघींनी कीटकनाशक घेतलं, एक मलेरियाने गेली. उरलेल्या दोघींच्या मृत्यूची कारणं तितकी स्पष्ट नव्हती, पण चौकशीत लशीशी संबंध आढळला नाही. त्या प्रकल्पात गंभीर अन्याय झाला होता, तो वेगळा: वसतिगृहातल्या मुलींसाठी पालकांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर ओढलेले ताशेरे रास्तच होते. संमती डावलणं अक्षम्य आहे, पण त्यावरून लस घातक ठरत नाही.

"लस शंभर टक्के सुरक्षित" हे वाक्यही मला तितकंच खटकतं. तीस हजार लोकांच्या चाचणीत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो दहा हजारांत एक इतका असू शकतो. म्हणून नवी लस बाजारात आल्यावरच्या नोंदी फार मोलाच्या असतात. या नोंदींत लशीनंतरचं सगळं येतं, लशीमुळे झालेलं असो वा नसो. त्यांची बेरीज करून "लशीचे बळी" असा मथळा देणं चूक आहे. पण बाळाला लशीनंतर काही वेगळं जाणवलं, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात जरूर कळवा, ते लशीमुळेच झालं का याचा विचार करत बसू नका. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरची रोटाशील्ड ही लस अमेरिकेत १९९८ मध्ये आली. आतड्यात आतडं शिरण्याच्या अवघ्या पंधरा नोंदी पुढच्या जुलैपर्यंत झाल्या, तेवढ्यावर ती थांबवून तपास झाला आणि १९९९ मध्येच ती मागे घेतली गेली. तिच्यानंतर आलेल्या रोटाटेक आणि रोटारिक्स या दोन लशींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळांवर झाल्या, त्या याच दुष्परिणामाचा शोध घेण्यासाठी.