कंबर धरली की अंथरूण धरायचं?

कंबर धरली की ‘आठवडाभर हलू नकोस, फळीवर झोप’ हा सल्ला ठरलेला. एके काळी डॉक्टरही तो देत. पण १९८६ साली अमेरिकेत रुग्णांचे दोन गट करून तुलना झाली: एकाला २ दिवस विश्रांती, दुसऱ्याला ७ दिवस. दोन दिवसवाल्यांना कामावर ४५ टक्के कमी रजा घ्याव्या लागल्या, आणि बरं होण्यात ते कुठेही मागे राहिले नाहीत.

बहुतेक कंबरदुखी स्नायू आणि अस्थिबंधांच्या (हाडं एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) ताणातून येते: वाकून जड उचलणं, तासन्‌तास एकाच स्थितीत बसणं, अपुरी झोप, मानसिक ताणसुद्धा. पडून राहिलं की स्नायू आणखी दुबळे होतात, सांधे आखडतात. म्हणून झेपेल तेवढं चालावं, शेक घ्यावा, दर अर्ध्या तासाने उठावं. थोडं दुखलं म्हणजे इजा वाढली असं नव्हे. फळीचीही गरज नाही. मध्यम कडक गादी पुरते.

एमआरआयची घाईही नको. काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या साधारण ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांतही झीज दिसते. अहवाल वाचूनच निम्मी माणसं आजारी पडतात, असं मला वाटतं!

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद वाढत्या प्रमाणात जाणं, यात घरगुती उपाय नकोत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ताप, विनाकारण घटणारं वजन किंवा पडल्यानंतरचं दुखणं असेल तरी डॉक्टरांना लवकर दाखवावं.