केबल वर्गणीचे बदलते मोल

केबल वर्गणी म्हणजे स्थानिक केबलचालकाने घरापर्यंत आणून दिलेल्या वाहिन्यांसाठी दरमहा मोजायची रक्कम. इंटरनेटवरचे स्ट्रीमिंग रुळल्यापासून या रकमेत नेमके काय मिळते, हे घरोघरी नव्याने तपासले जाऊ लागले आहे.

महाराष्ट्रात केबल पसरली ती १९९० नंतर. गल्लीतल्या एका खोलीत कंट्रोल रूम, गच्चीवरून गच्चीवर ओढलेली काळी वायर आणि महिन्याच्या सुरुवातीला पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहणारा केबलवाला, असा हा व्यवहार होता. दूरदर्शनपलीकडचे काही पाहायचे तर त्याच्याशिवाय सोय नव्हती, आणि वर्गणीचे सारे मोल या एका गोष्टीत होते. पुढे डिजिटायझेशन आले. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांत ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. तेव्हापासून सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची (ट्राय) नवी दरपद्धती १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. तिने बिलाचे दोन भाग केले. पहिल्या १०० वाहिन्यांच्या जोडणीसाठी जास्तीत जास्त १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर वेगळे. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीला १९ रुपयांची मर्यादा होती, म्हणून अनेक आघाडीच्या वाहिन्यांनी आपली किंमत बरोबर १९ वर नेऊन ठेवली. हवे तेवढेच निवडा, हा हेतू चांगला होता. मात्र प्रत्येक वाहिनीसमोर किंमत दिसू लागली आणि जी वाहिनी घरात कोणी लावतच नाही तिचे पैसे लोकांना खुपू लागले.

नेमका हाच काळ स्वस्त डेटाचा. हॉटस्टार २०१५ मध्ये आले. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स, सप्टेंबरमध्ये जिओ आणि डिसेंबरमध्ये प्राइम व्हिडिओ आले. झी५ वर तर मराठी मालिकांचे भाग वर्गणीदारांना टीव्हीच्या आधी पाहता येऊ लागले. रात्री आठला टीव्हीसमोर बसण्याचे कारण त्यामुळे उरले नाही. तरी केबलकडे क्रिकेट होते. २०२३–२७ साठी आयपीएलचे भारतीय उपखंडातील टीव्हीहक्क २३,५७५ कोटींना गेले, तर डिजिटल हक्क २३,७५८ कोटींना. स्ट्रीमिंगची किंमत टीव्हीच्या वर गेली, आणि २०२३ चा हंगाम जिओसिनेमावर फुकट दिसला. २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आल्यावर सामन्यांसाठी पुन्हा पैसे मोजावे लागले, पण तोवर फोनवर सामना पाहायची सवय पक्की झाली होती.

या बदलाचा खरा भार केबलचालकावर पडला आहे, आणि त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. वेगळा करार नसेल तर १३० रुपयांतले ५५ टक्के एमएसओला, म्हणजे चालकापर्यंत वाहिन्या पोहोचवणाऱ्या मोठ्या कंपनीला, आणि ४५ टक्के, म्हणजे ५८ रुपये ५० पैसे, चालकाला मिळत. त्यातून वायरमनचा पगार, विजेचे बिल आणि पावसाळ्यातली दुरुस्ती भागवायची. एक जोडणी सुटली तरी खांबावरची वायर तेवढीच राहते, तिचा खर्च उरलेल्या घरांवर येतो. म्हणून अनेक चालकांनी त्याच मार्गाने फायबर टाकून ब्रॉडबँड विकायला घेतले. ज्या स्ट्रीमिंगने त्यांचे गिऱ्हाईक नेले, ते आता त्यांच्याच फायबरमधून घरात येते.

तरीही केबल पूर्ण सुटलेली नाही. घरात एकच टीव्ही, आजी-आजोबांना रिमोटची दोन बटणे पुरतात, आणि पॅक संपला की फोन करून केबलवाल्याला सांगता येते, हे अ‍ॅपला जमलेले नाही. गणपती विसर्जनाची मिरवणूक, गावची जत्रा, पालिकेची निवडणूक दाखवणारी स्थानिक वाहिनीही केबलवरच वाढली. अलीकडे अशा बऱ्याच वाहिन्या तेच प्रक्षेपण यूट्यूबवरही करतात.