ऊर्जा-सांख्यिकीवरून उत्सर्जन व प्रदूषणसंपर्काचे अनुमान (बेळगाव सीमाभाग)

देशात किती कोळसा, तेल, वायू व जळण खपले याच्या नोंदींवरून हवेत सुटलेल्या वायूंचे व कणांचे, आणि पुढे त्यांतले किती लोकांच्या श्वासात गेले याचे गणित मांडण्याची रीत.

रीतीच्या आरंभाविषयी एकमत नाही. स्वीडिश भूशास्त्रज्ञ आर्विड हॉगबोम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगाच्या कोळसा-उत्पादनावरून (वर्षाला सु. ५० कोटी टन) हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधला; स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये तो उद्धृत केला. त्यामुळे आद्यत्व हॉगबोम यांच्याकडे जाते, असे एक मत आहे. ब्रिटिश अभियंते गाय कॅलेंडर यांनी १९३८ मध्ये मागील अर्धशतकातील कार्बन डायऑक्साइडची भर सु. १५,००० कोटी टन धरली. तथापि संयुक्त राष्ट्रांच्या इंधन-नोंदींना प्रकारवार कार्बनांश लावून वर्षवार मालिका उभी केली ती अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी, १९७३ मध्ये. आजच्या अर्थाने पद्धत तेथून सुरू झाली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

उत्पादनात आयात मिळवून निर्यात, आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे इंधन व साठ्यातील वाढ वजा केली की देशातील खप मिळतो. त्याला उष्मांक (इंधनाच्या एककातून मिळणारी उष्णता) व उत्सर्जन-गुणांक (त्या उष्णतेमागे सुटणारे उत्सर्जन) यांनी गुणतात. आयपीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या) २००६ च्या मूल्यांनुसार एक टन डिझेलमागे सु. ३.१९ टन कार्बन डायऑक्साइड येतो. भारतीय कोळशात राख पुष्कळ व उष्मांक कमी असल्याने त्याला परदेशी सरासरी लावणे योग्य नव्हे. देशाची आकडेवारी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दरवर्षी प्रसिद्ध करते.

देशाच्या बेरजेला विश्वासार्ह असलेली ही रीत जिल्ह्यावर उतरवताना अडखळते, आणि बेळगाव सीमाभागात तर फारच. करांतील फरकामुळे दोन राज्यांत डिझेलचे दर वेगळे असतात. महामार्गावरचा ट्रक स्वस्त बाजूला टाकी भरतो आणि धूर दुसरीकडे सोडतो. म्हणून निपाणी परिसरातील पंपांची विक्री तेथील ज्वलनाचे माप ठरत नाही. साखर कारखान्यांच्या बॉयलरमधील चिपाड जैवइंधन असल्याने त्याचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जाक्षेत्राच्या बेरजेत धरत नाहीत. त्याची राख व सूक्ष्मकण मात्र गळीत हंगामात लगतच्या गावांवर उतरतात. गुऱ्हाळांच्या चुलवाणांत जाळलेल्या चिपाडाची खरेदी-विक्रीच नसते. फडातील पाचट पेटवणे हा इंधनवापरच नव्हे, तेव्हा ऊर्जा-आकडेवारीत त्याला जागा नाही. निपाणीच्या तंबाखू वखारींतील धूळही अशीच कक्षेबाहेर राहते.

संपर्काच्या गणितात किती सुटले यापेक्षा कोठे सुटले याला महत्त्व असते. उंच धुराड्यातून गेलेल्या एक किलो कणांपेक्षा चुलीतून निघालेल्या तेवढ्याच कणांचा कितीतरी मोठा अंश माणसाच्या फुप्फुसात जातो. सिलिंडर घरात आला तरी पाणी तापवायला काटक्या व शेणी चालूच राहतात. म्हणून गॅसजोडण्यांच्या संख्येवरून संपर्क घटला असे धरू नये. भारतीय मानकानुसार पीएम २.५ ची (२.५ मायक्रॉन वा त्याहून लहान व्यासाच्या सूक्ष्मकणांची) वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. सीमाभागासाठी राष्ट्रीय बेरीज लोकसंख्येच्या प्रमाणात वाटण्यापेक्षा कारखाना, भट्टी व चूल गावनिहाय मोजत वर जाणे ग्राह्य धरावे. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूर, सांगली व हुबळी-धारवाड यांचा समावेश आहे, त्यांच्या मधल्या बेळगावचा नाही.