पार्श्वभूमी : मेक्सिको सिटीच्या गटारांनी उकरलेली अझ्टेक राजधानी

मेक्सिको सिटीत झोकालो चौकालगत तेम्प्लो मायोर या अझ्टेक महामंदिराचे अवशेष आहेत. ते पाहताना दगडी बांधकामाला आरपार छेदून गेलेली विटांची एक वाहिनी दिसते. ती अझ्टेकांची नव्हे, 1900 सालच्या गटाराची आहे. मंदिराच्या अवशेषांचं मोठं नुकसान आणि त्यांचा पहिला सलग छेद, दोन्ही एकाच कामातून झाले.

गटारांशी या शहराचं नातं त्याआधी शंभर वर्षांचं. स्पेनच्या राजाचा इथला प्रतिनिधी, व्हाइसरॉय रेव्हियाखिखेदो याने चौक सपाट करून फरसबंदी आणि सांडपाण्याचे नाले करायला घेतले आणि 13 ऑगस्ट 1790 रोजी कोआत्लिक्वे देवीची अजस्र मूर्ती वर आली. 1521 साली तेनोच्तित्लान, म्हणजे अझ्टेक राजधानी, स्पॅनिशांपुढे पडली तीही 13 ऑगस्टच. योगायोगच, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 17 डिसेंबरला सूर्यशिला ही कोरीव गोल शिळा सापडली. व्यास साधारण साडेतीन मीटर, वजन चोवीस टनांच्या घरात. आंतोनियो दे लेओन इ गामा याने 1792 मध्ये दोन्ही शिळांचं सविस्तर वर्णन छापलं.

पुढे दोघींच्या वाट्याला काय आलं ते पाहण्यासारखं आहे. सूर्यशिलेत कालगणना दिसली, म्हणून ती कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीला लावून ठेवली गेली आणि 1885 पर्यंत तिथेच राहिली. कोआत्लिक्वे मात्र विद्यापीठाच्या अंगणात पुन्हा पुरली. लोक तिची पूजा करू लागतील ही धास्ती. हुम्बोल्ट या जर्मन संशोधकासाठी ती उकरली आणि त्याने पाहून झाल्यावर परत मातीआड केली. 1791 मध्ये सापडलेली तिसोक या अझ्टेक राजाची शिळा तर फोडून फरसबंदीला वापरायचं ठरत होतं. गांबोआ नावाच्या धर्मगुरूने ती वाचवली असं सांगतात.

1900 चं काम वेगळ्या जातीचं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटर उंचीवर, चहूबाजूंनी बंद खोऱ्यात, जुन्या सरोवराच्या गाळावर बसलेलं. पाण्याला नैसर्गिक वाट नाही. 1629 च्या पुरानंतर शहर काही वर्षं पाण्यात होतं. राष्ट्राध्यक्ष पोर्फिरियो दियासच्या काळात मोठा निचरा-कालवा झाला, मार्च 1900 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. कालवा पूर्वेला, म्हणून अभियंता रोबेर्तो गायोलच्या आराखड्यातल्या मुख्य वाहिन्या पश्चिमेकडून पूर्वेकडे उताराने नेलेल्या. त्यातली एक कॅथेड्रलमागच्या एस्कालेरियास रस्त्याखालून गेली. तो आजचा ग्वातेमाला रस्ता.

गटाराला वळण परवडत नाही आणि उतार सोडता येत नाही. वाटेत पायऱ्या आल्या, ओटा आला, अर्पणाचा खड्डा आला, तरी तळाची पातळी हलत नाही. मंदिराचा दर्शनी भाग पश्चिमेला, वाहिनी पश्चिम-पूर्व; म्हणजे चर मंदिराच्या पोटातूनच गेला.

पुरावास्तूंचे निरीक्षक लेओपोल्दो बात्रेस यांनी चरातून निघालेल्या वस्तू जमवल्या, नोंदवल्या आणि 1902 मध्ये अहवाल छापला. पण आपण महामंदिरातच उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या मते मंदिर कॅथेड्रलखाली होतं आणि दक्षिणाभिमुख. अरुंद चरातून भिंत दिसते, इमारत दिसत नाही. कोपरा हाती लागला नाही तर दिशाही कळत नाही. शिवाय इथे भूजल वर आहे, चर उघडा ठेवला तर पाणी भरतं आणि ओली माती ढासळते. साहजिकच मुकादमाला विटकाम लवकर उरकायचं असतं. वस्तू नेमक्या कोणत्या थरातून निघाली ते त्याच वेळी मोजून घेतलं नाही, तर ती संग्रहालयात पोचते, पण तिचा संदर्भ भरावात जातो.

मंदिराचा कोपरा 1914 मध्ये पुरातत्त्वज्ञ मानुएल गामियो यांनी शोधला. कोयोल्शाउकी या अझ्टेक देवीची सव्वातीन मीटर व्यासाची शिळा 21 फेब्रुवारी 1978 रोजी वीज कंपनीच्या मजुरांना मिळाली, तीही त्याच ग्वातेमाला रस्त्याच्या कोपऱ्यावर. मग पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या पथकाने घरं पाडून सलग उत्खनन केलं, तेव्हा कुठे मंदिराची एकात एक अशी बांधकामं उलगडली. 1991 पासून या परिसरातल्या सात ब्लॉकच्या (रस्त्यांनी वेढलेल्या घरगटांच्या) पट्ट्यात नागरी पुरातत्त्वाचा कायमचा कार्यक्रम चालतो. कॅथेड्रल वाकडं खचू लागलं तेव्हा पायाखाली खोल विहिरी खणल्या. त्यांतही पुरातत्त्वज्ञ उतरले आणि थर नोंदवले.

आणि ज्या उतारासाठी मंदिर कापलं तो उतारही टिकला नाही. शहरभरच्या विहिरींतून भूजल उपसल्याने गाळ आकसला, शहराचा मधला भाग विसाव्या शतकात कित्येक मीटर खचला आणि कालव्यात पाणी पंपाने चढवावं लागलं. खोल निचरा-बोगदे 1975 मध्ये सुरू झाले. ते मंदिराच्या थरांच्या पुष्कळ खालून जातात.